आक्काची तोंडी परीक्षा

"नामाचे प्रकार किती?" मी विचारलं.

"पाच," आक्का म्हणाली. "आणि तू पाय हलवू नको. सूप हलतं."

सूप तिच्या मांडीवर होतं, पाय माझा होता, आणि मध्ये चांगलं हातभर अंतर होतं. तरी तिला ते हलणं लागत होतं. सुपात ओली पानं, पानांवर तंबाखूचा ढीग, कडेला दोऱ्याची गुंडी. मी भिंतीला पाठ लावून नववीचं इंग्रजी व्याकरण मांडीवर धरलेलं. दुपार कलली होती, पण पत्र्याखाली अजून तापत होतं.

"सांग मग पाच."

"विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक." बोलता बोलता तिनं पानावर चिमूट सोडली, अंगठा फिरवला, दोऱ्याचा वेढा दिला, आणि एक विडी सुपाच्या कडेला जाऊन पडली. "आता इंग्रजीतून विचार."

"प्रॉपर नाउन म्हणजे?"

"एकट्याचं नाव. गोदावरी. शेवंता. सिन्नर."

"कॉमन नाउन?"

"साऱ्यांना मिळून एक नाव. मुलगी. नदी. गाव." मग ती हसली. "म्हणजे आईला मी गोदावरी, आणि रविवारच्या पाहुण्यांना नुसती मुलगी. बसल्या जागी प्रॉपरची कॉमन होणार मी."

"आक्का, पाठ कर. फाटे फोडू नको."

"पाठ झालंय गं. पाठ झालं म्हणून तर फाटे सुचतात."

आक्का चौथीत सुटली होती. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून लागायचं, त्यामुळे तिला इंग्रजीचं एक अक्षरही भेटलेलं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी जेमतेम अडीच वर्षांची होते. आईच्या नावावर विडी कारखान्याचं कार्ड होतं. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी यायची, वळून परत द्यायची. आई वळायची, आक्का तिला हात द्यायची. पुढं आईची बोटं वाकत गेली. पान कापता येई, पण वळून दोरा बांधता येत नसे. मग सूप आक्काच्या मांडीवर आलं ते तिथंच राहिलं. बघता बघता आक्का बावीस वर्षांची झाली, आणि आमच्यात बावीस म्हणजे लोकांनी घर बदलून जायला सांगावं असं वय.

रंगनाथमामानं स्थळ आणलं ते असं. मुलगा भास्कर, वीजमंडळात वायरमन. घरी आई आणि चुलता. चुलता म्हणजे दशरथ गुरुजी, निफाडकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे.

"सगळं चांगलंय," मामा म्हणाला होता, "पण ते गुरुजी मुलीला इंग्रजी विचारतात."

"चौथीवाल्या पोरीला?" आई म्हणाली.

"सगळ्यांना. म्हणतात, मुलाची आई शिकली नाही, निदान सून तरी हवी. मागं एक चांगली सातवी झालेली मुलगी दाखवली, तर ती नाउन म्हणजे काय विचारल्यावर रडायला लागली. चहा व्हायच्या आत उठले." मग मामानं आवाज खाली आणला. "पण मी काढलंय शोधून. त्यांचं ठरलेलं आहे. नामापासून सुरू करतात न् नामातच संपवतात. तेवढं आलं की झालं."

"ते कोण शिकवणार?"

मामानं माझ्याकडं बोट केलं. "ही मास्तरीण काय फुकट खाते व्हय घरात?"

तेव्हा सगळे हसले. मीही हसले. मामा गेल्यावर आई तांदूळ निवडायला बसली, आणि खडा फेकावा तितक्या सहज म्हणाली, "गोदी उजवली की सूप शेवंतानं घ्यायचं. कार्ड बंद पडू द्यायचं नाही. नववी झाली तेवढी पुष्कळ झाली. दहावीचं नाव काढायचं नाही."

मी आक्काकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही. बोटं मात्र चालली होती, नेहमीपेक्षा थोडी जास्तच वेगानं. माझा पाय हलायला लागला तो त्या संध्याकाळपासून. जेवताना हलायचा, वर्गात बाकाखाली हलायचा. आई ओरडायची, "पाय हलवू नको, घरात दळिद्र येतं." मला थांबवता येत नव्हता.

कारण गोष्ट सरळ होती. मी आक्काला जितकं चांगलं शिकवीन, तितकं माझं शिकणं लवकर संपणार होतं.

आणि आक्का शिकायची ती अशी, की शिकवणाऱ्याला थांबवत नाही. मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आत विचारायची, "आज कुठला?" समूहवाचक सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपला कट्टा. विड्या सुट्या, बांधल्या की कट्टा. गुरांचं खांडवं, बायांचा घोळका. हे काय अवघड आहे?" पदार्थवाचक सांगितलं तर सुपातली तंबाखू चिमटीत धरून दाखवली. "ही. किती आहेत असं विचारत नाहीत, किती आहे असं विचारतात. बरोबर?" आमच्या सरांनी फळाभर लिहून सांगितलं तेव्हा आमच्या वर्गाला हे कळायला दोन तास गेले होते.

तिला ओव्या फार यायच्या. आजीच्या नव्हेत, स्वतःच्या. हात चालत असले की तोंड आपोआप चालायचं. नामंही तिनं ओवीत बसवली:

पहिली माझी ओवी, नाव घेते एकलीचं,
सिन्नरच्या गं माळाचं, गोदावरी लेकीचं.

दुसरी माझी ओवी, नाव साऱ्यांच्या वाट्याचं,
बाईचं गं, नदीचं, वाटेवरल्या काट्याचं.

"गुरुजींपुढं गाऊ नको म्हणजे झालं," मी म्हणाले.

"का? पास नाही करणार?"

"हाकलून देतील."

भाववाचकाला मात्र ती अडली. म्हणजे अडली नाही, थांबली. मी पुस्तकातलं वाचून दाखवलं, की जी गोष्ट दिसत नाही, हाताला लागत नाही, पण असते, तिचं नाव. ऑनेस्टी, ब्यूटी, चिल्डहूड.

"दिसत नाही तर तिला नाव कशाला ठेवायचं?"

"असते म्हणून."

आक्कानं दोन विड्या वळल्या. मग म्हणाली, "धाक."

"काय?"

"धाक घे. दिसतो का? पण घरात नेमका कुठं बसलाय ते लहान पोराला पण ठाऊक असतं."

आई पलीकडं पानं कापत होती. कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं तेव्हा आक्कानं विचारलं, "शेवंते, नीट शिकवतेस ना मला?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मग ठीक." एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी तंबाखूच्या झणक्यावर ढकललं. आमच्या घरात ती सोय होती.

एक गोष्ट मला कळत नव्हती. आक्का हे लपवत नव्हती. बघायला येणाऱ्यांची गोष्ट पक्की होईपर्यंत घरातली माणसं तोंड मिटून असतात, दृष्ट लागते म्हणतात. आक्का मात्र कारखान्यात माल द्यायला गेली तरी सांगत सुटली. मी टोपलीला हात द्यायला बरोबर होते. रांगेतल्या बायांनी तिला धरलीच.

"काय गं गोदे, इंग्रजी शिकती म्हणं?"

"शिकतेय."

"मंग इंग्रजीत विडी वळून दाखव एक."

"विडी कॉमन नाउन आहे, मावशी. कट्टा कलेक्टिव्ह. तंबाखू मटेरियल. अन् तुम्ही प्रॉपर."

बाया इतक्या हसल्या की आतला चेकर उठून दारात आला. तो विड्या तपासून वाकड्यातिकड्या बाजूला फेकायचा, त्याला छाट म्हणायचे. "कशाचा दंगा?" त्यानं विचारलं.

"गोदीची परीक्षा हाये रविवारी," मावशी म्हणाली. "छाट निघती का पास होती ते बघायचं."

"अन् शिकवतं कोण?"

"ही," आक्का म्हणाली, आणि माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी."

मी कारखाना मागं पडू दिला. मग म्हणाले, "कशाला सांगतेस सगळ्यांना? आणि दहावी कुठली? आईनं सांगितलंय ना."

"कळू दे," आक्का म्हणाली.

"काय कळू दे?"

"शिकतेय ते." आणि टोपली डोक्यावरून काखेत घेत ती पुढं चालायला लागली. तिची चाल तेव्हा मला फार आनंदाची वाटली. मनात आलं, हिला लग्नाची एवढी घाई झालीय. थोडा रागही आला. वाटलं, माझं काय होणार ते हिला ठाऊक आहे आणि तरी ही गाणी म्हणते.

शनिवारी तिनं बायजाकाकूलाही सांगितलं, पोहे करायला ये म्हणून. बायजाकाकू म्हणजे आमच्या गल्लीचा नळ. तिच्या कानात जे गेलं ते घरोघर पोचायचं. आई वैतागली. "तिला कशाला बोलावलंस? चार माणसांचे पोहे मला होत नाहीत?"

"होतात की. असू दे, सोबत."

रविवारी सकाळपासून घरातली तंबाखू लपवायचं काम चाललं. सूप, कात्री, पानांचं ओलं पोतं, सगळं खाटेखाली गेलं आणि वरून गोधडी सोडली. आईनं उदबत्त्या लावल्या, धूप घातला. त्यानं झालं एवढंच की घराला देवळात कुणी विडी ओढावी असा वास यायला लागला.

पाहुणे आले. पुढं गुरुजी, अंगात कोट, खिशाला दोन पेनं. मागं भास्करची आई ठकूबाई, ठेंगणी, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेली. तिनं उंबऱ्यातच एक श्वास खोल घेतला, खाटेकडं पाहिलं, आणि काही न बोलता सतरंजीवर बसली. शेवटी भास्कर. काळासावळा, हाताच्या पंज्यावर तारेनं कापल्याचा व्रण. बसला तो मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा फिरवत बसला.

मी आणि बायजाकाकू आतल्या दारापाशी. माझा पाय चालूच.

आक्का पाणी देऊन पाटावर बसली. निळं पातळ नेसली होती, केसांत अबोली.

"नाव?"

"गोदावरी सखाराम भाबड."

"शिक्षण?"

"चौथी झाली, पण हुशार—" मामानं सुरू केलं.

"मी मुलीला विचारतोय."

"चौथी," आक्का म्हणाली. "पाचवीत बसायच्या वेळी वडील गेले."

"हं." गुरुजींनी चष्मा पुसला. "नाउन ठाऊक आहे?"

"हो."

"प्रकार किती?"

"पाच. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अॅब्स्ट्रॅक्ट."

मामाचे खांदे खाली आले. आईनं पदरात हात गुंडाळले होते ते सोडले. गुरुजी एकेकाची उदाहरणं विचारत गेले आणि आक्का सांगत गेली, न अडखळता, न घाईनं, विड्या मोजून द्याव्यात तशी. भास्करच्या घड्याळाचा पट्टा फिरायचा थांबला.

"अॅब्स्ट्रॅक्ट?"

"ऑनेस्टी. ब्यूटी. चिल्डहूड."

"चाइल्डहूड," गुरुजी म्हणाले.

मी दाराआड मेल्याहून मेल्यासारखी झाले.

"चाइल्डहूड," आक्का शांतपणे म्हणाली. "शिकवणारीला कुणी सांगितलं नसेल. ती पुस्तकातून एकटी काढते."

"बरं. आता पाठ केलेलं नको. तुमच्या मनाचं एक द्या."

आक्कानं पाटाच्या कडेवर बोट फिरवलं.

"इंग्रजी शब्द येत नाही. मराठीत चालेल?"

"द्या."

"सवड."

"का?"

"हाताला लागत नाही. पण कुणाला मिळाली न् कुणाला नाही, ते माणसाकडं बघून कळतं."

गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "लीझर," ते म्हणाले. "त्याला लीझर म्हणतात." मग वर्गात म्हणतात तसं, "पास."

बायजाकाकूनं माझ्या पाठीत आनंदानं असा धपाटा घातला की मी जवळजवळ बैठकीत गेले. आईचा चेहरा उजळला होता. मी तो उजळलेला पाहिला, आणि मला कळलं की झालं, संपलं, उद्यापासून ते सूप माझं. त्याचं रडू येत होतं आणि त्याच वेळी आक्काचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकाच जागी कसं राहतं, कोण जाणे.

मामा फुलला होता. अशा वेळी एक वाक्य बोलायची पद्धत असते, ते तो बोलला. "मुलीला काही विचारायचं असलं तर विचार बाई." हे कुणी उत्तरासाठी विचारत नाही. मुलगी मान हलवते, बाया म्हणतात तिला काय विचारायचंय, आणि चहा येतो.

"विचारायचं नाही," आक्का म्हणाली. "सांगायचंय."

मामा हसत होता तसाच राहिला.

"लग्नाला माझी ना नाही. मुलगा चांगला आहे. पण शेवंताची दहावी होईपर्यंत मी या घरातून जाणार नाही. मी गेले की माझ्या मांडीवरचं सूप तिच्या मांडीवर येणार, आणि तिची शाळा सुटणार. आईनं तसं ठरवलंय. तुम्हाला वर्षभर थांबायचं असेल तर थांबा. आणि तोवर तिच्या हातात सूप द्यायचं नाही, हे आईनं इथं सगळ्यांपुढं कबूल करायचं. नाहीतर तुमची वाट मोकळी आहे."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. तिची घंटी सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"ही अट आहे?" गुरुजींनी विचारलं.

"अट म्हणा."

"मुलीच्या तोंडून अट ऐकायची आमच्याकडं रीत नाही."

"पोर आहे गुरुजी," मामा पुढं सरकला. "घाबरलीय, म्हणून काहीतरी—"

"घाबरलेली दिसत नाही ती," गुरुजी म्हणाले, आणि पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यात पाणी तसंच होतं. "निरोप पाठवू."

निरोप पाठवू म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत बाळंत्यातलं पोरही सांगेल.

ते उठले. दारात चपला घालताना त्यांना मी दिसले. "शिकवणारी तूच ना?"

मी मान हलवली.

"चाइल्डहूड. ध्यानात ठेव."

भास्कर चपलेत पाय घालायला जरा जास्तच वेळ घेत होता. त्यानं वर पाहिलं. आक्काही पाहत होती. एक पाय चपलेत जाईपर्यंत, मग दुसरा जाईपर्यंत, दोघं एकमेकांकडं पाहत राहिली. मग तो गेला.

ठकूबाई मात्र हळदीकुंकवासाठी आत आली. घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग सोयरीक जमो की मोडो. आई करंडा घेऊन उभी होती. ठकूबाईनं कपाळ पुढं केलं, कुंकू लावून घेतलं आणि चुलीपाशी येऊन आक्कापुढं उभी राहिली.

"मीही वळल्यात विड्या," ती हळूच म्हणाली. "लग्न व्हायच्या आधी. उंबऱ्यातच कळलं मला. अन् पोरी, हे तू मला इथं सांगायचं होतंस. चुलीपाशी. मी वर्षभर ढकलला असता मुहूर्त. म्हटलं असतं, मुलीला गुरुबळ नाही. ते सगळ्यांनाच पटतं. आता तू दिराच्या तोंडावर बोललीस. आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

"ठाऊक आहे, बाई," आक्का म्हणाली.

"ठाऊक होतं? मग?"

"चुलीपाशी बोलले असते तर चुलीतच राहिलं असतं. तुम्ही थांबला असता, पण लग्न ठरलेल्या घरात दोन सुपं मांडतात. खर्चाला. तुम्हाला सांगायला नको. माझं लग्न पुढच्या वर्षी, आणि हिची शाळा उद्याच गेली असती."

ठकूबाईनं मान डोलावली. तिच्याही घरी दोन सुपं मांडली गेली असावीत.

"म्हणून बैठकीत बोलले. मामापुढं, काकूपुढं. आता संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल आणि उद्या कारखान्याच्या रांगेला. हिला घरी बसवलं तर प्रत्येक बाई आईला विचारील."

बायजाकाकू पोह्यांच्या पातेल्याकडं पाहायला लागली.

"मग एवढं इंग्रजी कशाला पाठ केलंस गं?" ठकूबाईनं विचारलं. "येत नाही म्हणाली असतीस तर माझा दीर आपल्या पायानं उठून गेला असता. ना भांडण, ना बोभाटा."

"नापास होऊन बोललं की त्याला बोलणं म्हणत नाहीत, बाई. म्हणतात, येत नव्हतं म्हणून आडवी लागली." आक्काचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "मला पास होऊन बोलायचं होतं."

मी दाराला टेकून उभी होते. तिची ती सगळी घाई, चप्पल काढायच्या आत विचारलेला प्रश्न, रांगेत माझा धरलेला दंड, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. मी तिला लग्नासाठी शिकवत होते. ती कशासाठी शिकत होती ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ठकूबाईनं आईच्या हातातून करंडा घेतला. आधी आक्काला कुंकू लावलं, मग मला. माझ्या कपाळावर तिचं बोट जरा जास्त टेकलं. मग पदर घट्ट ओढून ती गेली.

मामा न जेवता गेला. जाताना आईला एवढंच म्हणाला, "तूच बघ आता." आई बोलली नाही. आम्हालाही बोलली नाही आणि भांड्यांनाही नाही; त्या दिवशी आमच्या घरात भांड्याचा आवाजसुद्धा झाला नाही. दिवेलागणीला मी आक्काजवळ बसले.

"माणूस कसा वाटला गं?"

"बरा होता." ती पानं पुसत होती. "लाजत होता. पट्टा फिरवत होता ना, तो लाजेनं."

"मग?"

"मग काय." तिनं एक पान उजेडापुढं धरलं, शिरा पाहिल्या, आणि बाजूला ठेवलं. बराच वेळ ते पान तिथंच पडून होतं. ती दुसरं उचलत नव्हती.

निरोप आला तो पुढल्या आठवड्यात, बाजाराला आलेल्या कुणाबरोबर. पत्रिका जमत नाही. त्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती. आक्काचं लग्न झालं ते माझ्या दहावीनंतरच्या उन्हाळ्यात, येवल्याकडं, विणकाराच्या घरी. तिथंही तिच्या हातचा दोरा सुटला नाही. पण सांगायचंय ते त्याच्या पुढचं नाही, अलीकडचं. त्या रविवारनंतरच्या सोमवारचं.

सोमवारी सकाळी मी शाळेची तयारी केली नाही. केस न विंचरता उगाच घरातून अंगणात, अंगणातून घरात करत होते. शाळेत जायचं की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती. आक्का वळत होती. आई पहाटेपासून नळावर दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा हंडा अर्धाच. तिसऱ्यांदा आली तेव्हा हंडा आदळूनच ठेवला.

"दप्तर कुठंय?" तिनं मला विचारलं.

"आहे."

"मग उभी काय?"

"जाऊ?"

"नळावर पाणी भरू देईनात बाया मला. शेवंता शाळेत जाती ना, म्हणून तिघी विचारून गेल्या. ती चेकरची बायको, जी आयुष्यात माझ्याशी बोलली नाही, ती पण." आईनं पदरानं तोंड पुसलं. ती रागावली होती की रडत होती, मला कळलं नाही. "पोरीचं लग्न घालवून बसलेय. निदान शाळा तरी भर. जा."

मी दप्तर उचललं आणि पळतच सुटले. अंगणाच्या कडेपर्यंत पोचले असेन, तोच आतून आक्काची हाक आली.

"शेवंते, पळत नको जाऊस. चालत जा. सगळ्यांना दिसू दे."